वर्कशॉपसाठी मोठं लेझर मशीन घेताना: वॅट, गॅस, लोड आणि बँक

लेझर कोणतं घेतलं, कितीला पडलं, परवडतंय का, असे फोन गेल्या वर्षभरात बरेच आले. दरवेळी अर्धा तास बोलणं होतं आणि तरी निम्मं सांगायचं राहतंच, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी आमचं काम सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं, आता ऑफिस आणि खरेदी मी बघते. मुख्य काम शेती अवजारांचे पार्ट, म्हणजे रोटाव्हेटरच्या साइड प्लेटा, फ्लँज, पलटी नांगराचे ब्रॅकेट, ट्रॉलीचं बारीकसारीक. सीझनच्या आधी गुऱ्हाळांसाठी स्टेनलेसच्या काहिली आणि डेअरीचं थोडं काम. कटिंगला आमच्याकडे एक सीएनसी प्लाझ्मा (कॉम्प्युटरवर चालणारं प्लाझ्मा कटिंग मशीन) होता आणि जिथे फिनिश लागतं ते बाहेर लेझरवाल्याकडे जॉबवर्कला. प्लाझ्माचं दुखणं सगळ्यांना माहितीय, कडेला टेपर म्हणजे तिरपेपणा येतो आणि छोटी भोकं गोल येतच नाहीत, मग ड्रिल मशीनवर माणूस उभा करा. आणि बाहेरच्या लेझरचं दुखणं म्हणजे टेम्पो भरून प्लेटा पाठवायच्या आणि नंबर लागायची वाट बघायची, त्यात ऑक्टोबर जवळ आला की सगळ्यांचंच काम एकदम निघतं.

डिसेंबर २०२३ मध्ये मी टॅलीतून वर्षभराची बाहेरच्या लेझरची बिलं काढली आणि प्लाझ्मावर काय काय कापलं तेही त्यात घालून एक्सेलमध्ये जाडीप्रमाणे मांडलं. किती एमएमचा किती टन माल, त्यात भोकं किती, स्टेनलेस किती. निघालं असं की वजनाने बघितलं तर बहुतेक माल ६ ते १२ एमएम एमएस (साधं माइल्ड स्टील), १६ चा थोडा, २० एमएम नावापुरता, आणि स्टेनलेस २-३ एमएम, तेही वर्षातले तीन-चार महिनेच. ही एक शीट पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगाला आली, सेल्सवाल्यासमोर, बँकेत, अगदी विजेचा लोड काढतानासुद्धा. तुम्ही मशीन घ्यायच्या विचारात असाल तर कॅटलॉग मागवायच्या आधी ही शीट करा.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर) की फायबर (काचतंतूत तयार होणारा लेझर) हा प्रश्न आमच्यापुरता पाच मिनिटांत मिटला. अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, लाकूड कापायचं असेल तर सीओटू, धातू कापायचा असेल तर आता फायबरच. सीओटूच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन आणि फायबरची साधारण १.०७, ती धातू चांगली शोषतो. शिवाय विजेच्या हिशोबातही सीओटू साधारण दहा टक्केच वीज लेझरमध्ये उतरवतो, फायबर तीस टक्क्यांच्या पुढे जातो. साइनबोर्डवाला मित्र म्हणाला एकच घ्या आणि माझं अ‍ॅक्रिलिकपण कापून द्या, त्याला नाही म्हणून सांगितलं.

जानेवारी २०२४ ला बेंगळुरूला इमटेक्स फॉर्मिंग हे मशीनांचं प्रदर्शन होतं, मिरजेहून राणी चन्नम्मा पकडून मी, अण्णा आणि आमचे फोरमन काका गेलो. ज्यांना जमेल त्यांनी असं एखादं प्रदर्शन नक्की बघा, फक्त तिथे ऑर्डर देऊ नका. स्टॉलवर १२ किलोवॅट, २० किलोवॅटची मशीनं लोण्यासारखी जाड प्लेट कापत असतात, भोवती गर्दी, आणि आपल्याला वाटायला लागतं की ३ किलोवॅट म्हणजे खेळणंच. प्रत्येक जण म्हणणार "सर, सहा तरी घ्या, उद्या काम वाढलं तर?" (सर म्हणजे अण्णा. ईमेल मी केलेले, शीट माझ्या हातात, तरी उत्तरं अण्णांकडे बघून. असो, सवय आहे.) अण्णांचा प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न होता, "तुमचा सर्व्हिस इंजिनिअर राहायला कुठे आहे?" बंगळुरू, अहमदाबाद, दिल्ली अशी उत्तरं आली की वहीत फुली. पुणे आलं की बरोबर. मला तेव्हा हसू येत होतं पण शेवटी त्या वहीनेच यादी छोटी झाली.

वॅटबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त पैसे इथे इकडचे तिकडे होतात. कॅटलॉगमध्ये ३ किलोवॅटला एमएस २० एमएम लिहिलेलं असतं. कापतो, पण तो कमाल आकडा, रोजच्या प्रॉडक्शनचा नाही. काठावरचं काम म्हणजे प्लेट जरा गंजलेली असली, नोझल जरा झिजलं, की कट सुटत नाही. आम्ही धरून चाललो की ३ किलोवॅटवर १४-१६ पर्यंत निवांत, स्टेनलेस ६-८ पर्यंत. दुसरी गोष्ट, जाड एमएस ऑक्सिजनने कापताना लोखंड स्वतःच जळत असतं, म्हणून पॉवर दुप्पट केली तरी स्पीड काही दुप्पट होत नाही. १० एमएमला ३ किलोवॅटवर मिनिटाला सव्वा मीटरच्या आसपास मिळतं, ६ वर दोनच्या आसपास. फायदा आहेच, पण किमतीतला फरक बघितला की विचार करावा लागतो. याउलट पातळ स्टेनलेस नायट्रोजनने कापणाऱ्याला पॉवर वाढली की स्पीड धडाधड वाढतो, तिथे ६ घेणं शहाणपणाचं. म्हणजे परत आपल्या शीटवरच यायचं. आमचा माल ऑक्सिजनचा, म्हणून ३ वर थांबलो.

मशीनचे ढोबळ तीन वर्ग दिसले. ट्रम्फ, बायस्ट्रॉनिक, अमाडा वगैरे, बघून डोळे निवतात पण आमच्या बजेटच्या कोसभर बाहेर. मग भारतात बनवणारे, आणि मग चीनहून येणारे किंवा चिनी सुटे भाग घेऊन इथे जोडणारे. खालच्या दोन वर्गांत बाहेरचं पेंटिंग सोडलं तर आत बरंच तेच असतं. सोर्स (लेझर तयार करणारा भाग) आयपीजी, रेकस किंवा मॅक्स, हेड (प्लेटवर फिरून कापणारा भाग) रेटूल्स वगैरे, कंट्रोलर सायपकट. त्यामुळे ब्रँडच्या नावापेक्षा सोर्स कोणता, हेड ऑटोफोकस आहे का, सर्वो मोटर आणि गिअरबॉक्स कुणाचे, आणि बेड वेल्डिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह केलाय का, हे लेखी मागा. बेडची उष्णता-प्रक्रिया झालेली नसेल तर वर्ष-दोन वर्षांत तो हलतो आणि मग कितीही कॅलिब्रेशन करा.

बेडच्या साइझवर घरात आठवडाभर वाद झाला. कोल्हापुरात जाड एचआर (हॉट रोल्ड) प्लेट मिळते ती बहुतेक १५०० एमएम रुंद आणि ६३०० लांब. सर्रास विकलं जाणारं मशीन ३०१५, म्हणजे ३ मीटर बाय दीड मीटर. म्हणजे प्रत्येक प्लेट आधी गॅसकटरने अर्धी करायची. ६ मीटरचा बेड घेतला तर हे वाचतं, पण शेड पुरत नाही आणि किंमतही बरीच वाढते. फोरमन काका म्हणाले प्लेट सप्लायरच्या गोडाऊनमध्येच अर्धी करून घेऊ, आणि सप्लायर थोड्या पैशात तयार झाला, विषय संपला. वजनाचं मात्र गणित करून घ्या. १० एमएम प्लेट चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो, म्हणजे ३०१५ साइझची एक प्लेट साडेतीनशे किलो, १६ ची साडेपाचशेच्या वर. बेडची वजन पेलायची क्षमता कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि वर क्रेन नसेल तर मशीनच्या पैशात क्रेनचेही पैसे धरा.

एक्सचेंज टेबल आणि बंद केबिन दोन्ही घेतलं. टेबलामुळे एकावर कटिंग चालू असताना दुसऱ्यावरचे पार्ट उचलता येतात, पण लांबी नऊ मीटरच्या आसपास जाते, आधी शेडमध्ये खडूने आखून बघा. केबिन मी हट्टाने घेतली. फायबरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि थेट पडद्यापर्यंत जातो. सीओटूचा साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकने अडतो, फायबरचा अडत नाही, त्याला त्या तरंगलांबीचीच काच आणि त्याच रेटिंगचा चष्मा लागतो. ओपन मशीन बरंच स्वस्त पडतं हे खरं, पण आमच्या शेडमध्ये दिवसभर ड्रायव्हर, हमाल, गिऱ्हाईक सगळे फिरत असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डेमो बघितले, भोसरी आणि चाकणला. डेमोला आपला माल न्यायचा. त्यांच्याकडे ठेवलेली प्लेट स्वच्छ, तेल लावलेली असते, तिच्यावर कुणीही चांगलं कापेल. आम्ही आमच्या यार्डातली गंजलेली १२ एमएम प्लेट टेम्पोत टाकून नेली आणि सोबत फ्लँजचं ड्रॉइंग. एका ठिकाणी इंजिनिअर प्लेट बघून जरा गप्प झाला, म्हणाला ग्राइंडर मारून घेऊ का. अण्णा म्हणाले नको, आमच्याकडे अशीच येते. हेड खाली आलं, पियर्सिंगला म्हणजे पहिलं भोक पाडताना तीन-चार सेकंद ठिणग्यांचा फवारा, मग निळसर पांढरा ठिपका गोल फिरायला लागला आणि गंज जाड होता तिथे आवाज बदलला, खर्र झालं, आणि परत सुरळीत. पार्ट खाली पडल्यावर फोरमन काकांनी गरम असतानाच पक्कडीने उचलला, भोकात बोल्ट घातला, बोल्ट वरून गेला आणि खालच्या तोंडाशी अडकला. व्हर्नियरने मोजलं तर वर-खाली पाव एमएमच्या आसपास फरक. इंजिनिअरने प्रेशर आणि फोकस बदलून परत कापलं, या वेळी बोल्ट बोटाने आरपार. आम्हाला हेच बघायचं होतं, म्हणजे पहिल्यांदा बिघडलं तर समोरच्याला दुरुस्त करता येतं का. दुसऱ्या एका ठिकाणी तीनदा सेटिंग बदलूनही खालची बर (कडेला चिकटून राहिलेला धातू) गेली नाही आणि तिथला माणूस तुमचंच मटेरियल खराब म्हणत राहिला. तो कोण ते लिहीत नाही.

कापलेल्या भोकात टॅप मारून म्हणजे आटे पाडून बघा. लेझरने भोकाची कड कडक होते आणि टॅप तुटतात. टॅपिंगच्या भोकांना जरा कमी साइझ कापून ड्रिल फिरवायचं, किंवा नुसतं पियर्स करून खूण करायची, हे कामाच्या हिशोबात आधीच धरलेलं बरं.

ज्यांच्याकडे ते मशीन दोन-तीन वर्षं चालतंय अशांकडे विक्रेत्याला न सांगता जाऊन या. सांगली, कुपवाडकडच्या दोघांनी अगदी मनापासून सांगितलं. विचारायचं ते मशीन कसं चालतं हे नाही, बंद पडलं तेव्हा काय झालं ते. एकाचं हेड प्लेटला धडकलं होतं आणि पार्ट यायला पंधरवडा गेला, तेवढे दिवस सगळा माल बाहेर कापून आणला, हप्ता चालूच. त्यामुळे आम्ही ऑर्डरमध्येच नोझलचा सेट, प्रोटेक्टिव्ह ग्लास, सिरॅमिक रिंग आणि सेन्सरची वायर जादा घेतली.

कोटेशन तीन आली आणि तिन्हींची तुलना होईना, कारण एकात स्टॅबिलायझर आहे तर चिलर (पाण्याने मशीन गार ठेवणारं युनिट) वेगळा, एकात एक्झॉस्ट ब्लोअर नाही, एकात नेस्टिंगचं (प्लेटवर पार्ट बसवून मांडायचं) सॉफ्टवेअर ट्रायलचं. मी एका कागदावर रकाने पाडले आणि प्रत्येकाला तेच भरायला लावले. गाडीभाडं, उतरवायचा खर्च, इंजिनिअरची राहायची सोय, ट्रेनिंग, सगळं. वॉरंटी सोर्सची वेगळी आणि मशीनची वेगळी असते, आणि ती माल निघाल्यापासून धरतात की चालू झाल्यापासून, हे भांडून चालू झाल्यापासून करून घेतलं. मशीन, चिलर, स्टॅबिलायझर धरून चाळीस लाखांच्या आत बसलं, जीएसटी वेगळा.

आता बँक. इथून पुढचं कंटाळवाणं आहे पण इथेच सगळे अडकतात. पीएमईजीपी (केंद्राची) आणि सीएमईजीपी (राज्याची) या रोजगारनिर्मिती योजनांच्या सबसिडीबद्दल बरेच जण विचारतात, त्या योजना नवीन युनिटसाठी आहेत, आमच्यासारख्या जुन्या चालत्या वर्कशॉपला त्यातून मिळत नाही. त्यामुळे साधं टर्म लोन. उद्यम नोंदणी, तीन वर्षांची रिटर्न आणि ताळेबंद, जीएसटी रिटर्न, तीन कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएमए डेटा (मागच्या-पुढच्या वर्षांच्या आकड्यांचा बँकेचा तक्ता), आणि मागच्या कर्जाचे स्टेटमेंट. तारण म्हणून प्लॉट दिला तर एमआयडीसीची मॉर्गेज एनओसी लागते, नाहीतर सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी ट्रस्टची गॅरंटी, तिची फी दरवर्षी आपण भरायची. आम्ही गॅरंटीचा मार्ग घेतला. एप्रिल २०२४ ला फाइल दिली, जूनअखेर सँक्शन आलं. मधल्या काळात शाखेतून येणारे प्रश्न एकच होते, काम एवढं आहे कशावरून. तिथे ती जाडीची शीट आणि बाहेरच्या लेझरची बिलं ठेवली, म्हणजे आज जे पैसे बाहेर जातात तेवढेच जरी वाचले तरी हप्त्याचा मोठा भाग निघतो, वाढीव कामाची स्वप्नं त्यात घातलीच नाहीत.

पैशाच्या दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. एक, मार्जिन म्हणजे स्वतःचा हिस्सा २५ टक्के आपला, आणि जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून आमच्या बँकेने १८ टक्के जीएसटीची रक्कम कर्जात धरली नाही. म्हणजे ते सहा-सात लाख आधी खिशातून, आणि क्रेडिट मिळतं ते पुढच्या विक्रीच्या टॅक्समधून हळूहळू वळतं होतं. (ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं त्यावर घसारा घेता येत नाही, सीएंना विचारून करा.) दोन, मोरेटोरियम म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधीची सवलत मागा, सहा महिने मिळाले आम्हाला, पण त्या काळात व्याज दर महिन्याला भरावं लागतंच.

विजेचा अर्ज बँकेच्या फाइलसोबतच दिला, सँक्शनची वाट बघत बसले नाही, हे बरं झालं. हिशोब असा, ३ किलोवॅट हा लेझरचा आकडा, विजेचा नाही. सोर्स नऊ-दहा किलोवॅट ओढतो, वर चिलर, सर्वो, ब्लोअर, मिळून वीस-पंचवीसपर्यंत जातं, आणि वेल्डिंग सेट, प्रेस वगैरे आधीचं आहेच. आमचं कनेक्शन २० किलोवॅटच्या आतलं होतं. महावितरणमध्ये लघुदाब औद्योगिकला २० किलोवॅट ओलांडलं की बिलाची पद्धतच बदलते, केव्हीएवर डिमांड चार्ज आणि युनिटही केव्हीएएचमध्ये, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामाला येणारा वाटा) खराब असेल तर सरळ बिलात दिसतो. त्यामुळे कपॅसिटरचं पॅनल बसवून घेतलं. अर्ज ऑनलाइन, मग जागेची पाहणी, मग डिमांड नोट, पैसे भरले, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, आणि शेवटी सीटी मीटर (मोठ्या लोडचा मीटर). एप्रिलचा अर्ज, जुलैच्या मध्यावर काम झालं. आपल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का हे अर्जाआधी वायरमनला विचारून ठेवा, नसेल तर सगळं वेळापत्रक बदलतं. मशीनसाठी अर्थिंगचे खड्डे वेगळे काढले, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको म्हणून विक्रेत्याची अटच होती.

फरशी खोल लागत नाही पण आरसीसी चांगलं पाहिजे आणि पॉवर प्रेसपासून लांब, आमच्याकडची काळी माती म्हणून खालून मुरूम भरून घेतला.

विक्रेता जुलैअखेर मशीन पाठवायला तयार होता. आम्हीच नको म्हटलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथला हायवे पाण्याखाली जाऊन बंद होता हे इथे कुणी विसरलेलं नाही, आणि २०२४ च्या जुलैअखेरही पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीच. सात-आठ टनांचं मशीन ट्रेलरवर ताडपत्री घालून कुठेतरी अडकून पडलेलं मला झेपलं नसतं. पण फार उशीर करूनही चालणार नव्हतं, कारण सीएंनी सांगितलेलं की मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा निम्माच, म्हणजे ३ ऑक्टोबरच्या आत चालू झालं पाहिजे. मग अनंत चतुर्दशी झाल्यावर, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रेलर आला. उतरवायला दोन हायड्रा क्रेन लागल्या. इंजिनिअर आठवडाभर राहिला, लेव्हल, पाइपिंग, गॅस, मग कटिंग. पहिला कट महिनाअखेरीस, त्याची तारीख टाकून कमिशनिंग रिपोर्टवर दोघांच्या सह्या घेतल्या, तो कागद जपून ठेवलाय. मशीन निघण्याआधी विक्रेत्याच्या कारखान्यात जाऊन आपल्याच मशीनवर सोर्सचा सीरियल नंबर टिपून आणला होता, तो इथे जुळवून घेतला.

खंडेनवमीला पूजा झाली, पण हळद-कुंकू आणि अंगारा केबिनच्या बाहेरच. फोरमन काका जरा नाराज झाले, पण आत हेडजवळ पावडर उडालेली परवडत नाही.

ऑपरेटर बाहेरून आणला नाही, प्लाझ्मावरचाच मुलगा तयार केला. त्याला सगळ्यात आधी शिकवलं ते प्रोटेक्टिव्ह ग्लास बदलणं. पंखा बंद, हात धुऊन पुसून, हेडभोवतीची धूळ आधी बाहेरून पुसायची, मग ड्रॉवर ओढायचा आणि लगेच उघड्या खाचेवर टेप लावायची. काच उजेडात तिरपी धरायची, मधोमध छोटा काळा ठिपका दिसला की ती गेली. तो ठिपका तसाच ठेवून चालवलं तर उष्णतेने आतली लेन्स जाते आणि ती काही हजारांत येत नाही. पहिल्या महिन्यात काचा भराभर गेल्या, पियर्सिंगचे टप्पे नीट बसल्यावर कमी झाल्या.

गॅसबद्दल कुणी धड सांगत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर मॅनिफोल्डला (बरेच सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपला) जोडून भागतं, कारण जाड एमएसला प्रेशर एक बारच्या आत लागतं, फक्त शुद्धता चांगली पाहिजे, खराब लॉट आला की लगेच खाली बर दिसते. नायट्रोजन वेगळाच प्रकार. स्टेनलेसला १२-१५ बारने नुसता ओतावा लागतो, साधा ७ क्युबिक मीटरचा सिलिंडर दहा-पंधरा मिनिटांत रिकामा. म्हणून लोक लिक्विड नायट्रोजनचा ड्युरा (द्रव गॅस ठेवायची मोठी टाकी) घेतात, १८० लिटरचा म्हणजे साधारण सव्वाशे क्युबिक मीटर गॅस. पण ड्युरा वापरा न वापरा, रोज थोडाथोडा उडतच असतो. काहिलींच्या सीझनमध्ये तो परवडला, जानेवारीनंतर स्टेनलेस आठवड्यातून एकदा निघायला लागलं तेव्हा अर्धा गॅस हवेत जायला लागला, आणि मग आम्ही ते काम साठवून एका दिवशी कापायला लागलो.

२०२५ मध्ये पहिला पावसाळा आला. कोल्हापूरच्या दमट हवेत चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर सोर्सच्या आत दव धरतं आणि सोर्स जातो, वॉरंटीतही ते धरत नाहीत. त्यामुळे सोर्सच्या कॅबिनेटला एसी, पाण्याचं तापमान दवबिंदूच्या वर, आणि सकाळी आधी एसी अर्धा तास चालू करून मगच चिलर आणि सोर्स. भिंतीवर दमटपणा दाखवणारं एक स्वस्त मीटर लावलंय, ऑपरेटर रोज सकाळी आकडा वहीत लिहितो.

हप्ता सुरू झालाय आणि निघतोय, बाहेर पाठवायचं बंद झालंय, प्लाझ्मा २० एमएमच्या कामाला ठेवलाय. शेजारच्या दोघांचा माल जॉबवर्कला येतो पण त्याचा भरवसा धरून काही ठरवलेलं नाही. आता पातळ पत्रा नायट्रोजनऐवजी हवेने कापायचं बघतोय, त्याला १६ बारचा स्क्रू कॉम्प्रेसर ड्रायरसकट लागतो, २२ किलोवॅटचा. कोटेशन मागवलीयत. म्हणजे परत लोड वाढवायचा अर्ज, टेस्ट रिपोर्टसाठी कॉन्ट्रॅक्टरला सोमवारी बोलावलंय.